पाच माणसं, पाच मेळे : विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या चाहता मेळ्याला घरच्यांसह जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातली पाचही माणसं गेली काही वर्षं अशा मेळ्यांना जातात : मी, नवरा, नववीतला मुलगा, दुसरीतली मुलगी आणि माझे सासरे. सासऱ्यांना घरीदारी सगळेच आप्पा म्हणतात. पुण्यातले मेळे आम्ही पाहिलेत, मुंबईलाही जाऊन आलोय. सोसायटीत, शाळेच्या फाटकाशी, लग्नाच्या पंगतीत लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

हा मेळा म्हणजे नेमकं काय? प्रदर्शन, जत्रा की संमेलन?

तिन्ही थोडं थोडं. विज्ञानकथा, अद्भुतकथा, कॉमिक्स, ॲनिमे (म्हणजे जपानी ॲनिमेशन), बैठे खेळ यांच्यावर जीव असलेली माणसं एक-दोन दिवस एकत्र येतात. एका अंगाला स्टॉल, दुसऱ्या अंगाला मंचावर मुलाखती, चर्चा, प्रश्नमंजूषा, आणि मधल्या मोकळ्या जागेत आवडत्या पात्रांचे पोशाख करून हिंडणारे लोक. या पोशाखांच्या छंदाला कॉस्प्ले म्हणतात. आप्पांना मी हे समजावायला लागले तर ते म्हणाले, "म्हणजे बहुरूपी की." त्याहून चांगली व्याख्या मला सापडलेली नाही.

मेळे दोन जातींचे असतात. एक तिकीट काढून जायचा, मोठ्या कंपन्यांचे स्टॉल असलेला. आपल्याकडे ही पद्धत २०११ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या कॉमिक कॉनपासून रुजली आणि पुण्यातही कॉमिक कॉन भरली आहे. दुसरी जात चाहत्यांनीच उभ्या केलेल्या मेळ्यांची. त्यातला सगळ्यांत नावाजलेला म्हणजे वर्ल्डकॉन. पहिला १९३९ साली न्यूयॉर्कला झाला, माणसं होती दोनशेच्या आसपास. तिथे येणारा प्रेक्षक नसतो, सभासद असतो. विज्ञानकथा-अद्भुतकथांचे ह्यूगो पुरस्कार १९५३ पासून दिले जातात, ते याच सभासदांच्या मतांवर. मेळा चालवणारे स्वयंसेवक असतात. गणपती मंडळाच्या मांडवात ज्यांनी रात्री जागवल्यात त्यांना हा कारभार अजिबात परका वाटणार नाही. आशियात वर्ल्डकॉन दोनदा आला, २००७ साली योकोहामाला आणि २०२३ साली चेंगदूला. भारतात अजून आलेला नाही. तो यावा आणि माझ्या मुलांनी त्यात खुर्च्या लावाव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

किती वर्षांच्या मुलाला न्यावं?

आमची धाकटी पहिल्यांदा आली तेव्हा झोळीत होती. तान्ह्या मुलाला नेणं अवघड नाही, फक्त बाबागाडी नेऊ नका. गर्दीत ती पुढेही जात नाही आणि मागेही. दूध पाजायला स्वतंत्र खोली आहे का, हे आयोजकांना आधीच लिहून विचारा. विचारणारे वाढले की सोय होते.

खरी कसोटी दोन ते चार वर्षांच्या मुलांची. या वयात मुखवट्याची भीती वाटते आणि ती भीती खरी असते. "घाबरतोस काय, खोटं आहे ते," असं म्हणून ती जात नाही. आम्ही एक करायचो : पोशाखातल्या माणसाला लांबूनच खूण करून, "मुखवटा जरा वर कराल का?" असं विचारायचो. आजवर कुणीही नाही म्हटलेलं नाही. आतून घामेजलेला, हसरा कॉलेजचा दादा निघाला की धाकटी त्याला बिस्कीट द्यायला निघायची.

पाचच्या पुढे मुलं खूश असतात. मात्र मंचावरचा प्रत्येक कार्यक्रम त्यांच्यासाठी नसतो. भयकथांची सत्रं असतात, मोठ्यांसाठीचे विनोद असतात. वेळापत्रक आदल्या रात्री वाचून ठेवा.

आजी-आजोबांना न्यावं का? ते कंटाळणार नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आप्पा पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. पहिल्या वर्षी ते आले ते केवळ नातीला धरायला एक हात जास्त हवा म्हणून. आम्ही त्यांना आमच्याबरोबर स्टॉलमागून स्टॉल फिरवलं, दोन तास उभं ठेवलं, आणि घरी येताना ते गप्प होते. चूक आमची होती. आम्ही त्यांना आमचा मेळा दाखवत होतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही विचारलं, "आप्पा, तुम्हाला काय बघायचंय?" ते म्हणाले, जुनी कॉमिक्स कुणी विकतं का बघू. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली तेव्हा ते शाळेत होते, आणि त्यातल्या वेताळाची, म्हणजे फँटमची, कवटीची अंगठी त्यांना अजून कागदावर काढून दाखवता येते. जुन्या अंकांचा एक स्टॉल निघाला. स्टॉलवाल्या मुलाने त्यांना खुर्ची दिली आणि पुढचा दीड तास आप्पा तिथून हलले नाहीत. मी परत गेले तेव्हा कॉलेजची चार पोरं त्यांच्याभोवती उभी होती आणि आप्पा त्यांना एका वहीवर कोडं घालत होते : 'नारायण विनायक जगताप. आद्याक्षरं उलटी वाचा.' ना. वि. ज. उलटं केलं की ज. वि. ना. : जयंत विष्णू नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी टोपणनावाने कथा पाठवली होती, आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. त्या पोरांतल्या एकीने आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, जाऊन आकाशदर्शन केलेलं होतं, पण आयुकाचे संस्थापक कथा लिहायचे हे तिला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा : एकाच तिकिटात पाच जणांचे पाच मेळे. प्रत्येकाने आपल्याला काय बघायचं ते आदल्या दिवशी एका कागदावर लिहायचं, एकच गोष्ट, आणि त्या गोष्टीला बाकीच्यांनी वेळ द्यायचा. उरलेला दिवस नशिबावर.

सोयींचं म्हणाल तर बसायला जागा कमी असते, म्हणून घडीचं स्टूल न्यायची परवानगी आहे का ते पाहा. औषधाच्या वेळा चुकवू नका. ज्येष्ठांना रांगेतून आधी सोडतात का, हे दारावरच्या स्वयंसेवकाला सरळ विचारा. आणि त्यांना परतायचं असेल तर त्यांच्याबरोबर एकाने निघायचं, कुरकुर न करता.

पोशाख केलाच पाहिजे का?

नाही. निम्म्याहून अधिक लोक साध्या कपड्यांत असतात. पण मुलांना करायचा असेल तर त्यांना तो करू द्या, आणि शक्यतो घरी बनवा. १९३९ च्या त्या पहिल्या वर्ल्डकॉनला फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यातल्या माणसांचे पोशाख करून आले होते. दोन्ही पोशाख डग्लसबाईंनी तयार केलेले. या छंदाच्या मुळाशी शिवणकाम आहे, ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

पुण्यात सामान मिळणं हा प्रश्नच नाही. कापड लक्ष्मी रोडला. लेस, मणी, खोटे दागिने, टिकल्या तुळशीबागेत. कात्र्या, पत्रे, बिजागऱ्या, तारा रविवार पेठेत बोहरी आळीत. दिव्यांच्या माळा आणि वायरी तपकीर गल्लीत. पुठ्ठे आणि रंग अप्पा बळवंत चौकात. चिलखतासाठी ईव्हीए फोम लागतो. लहान मुलांच्या खोलीत टाकायच्या जोडचटया असतात ना, तेच ते. गरम केला की हवा तसा वळतो आणि गार झाला की त्याच आकारात राहतो. अगदीच वेळ नसेल तर नाटकाचे आणि गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणारी दुकानं पेठांत आहेत. तिथला सैनिकाचा अंगरखा घेऊन त्यावर पुठ्ठ्याचं यंत्र चिकटवलं की झाला भविष्यातला मावळा. माझ्या मुलाने सहावीत हेच केलं होतं.

दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना यातलं काहीही अवघड जात नाही. त्यांना माती कशी उभी राहते ते माहीत असतं, हाताशी नसेल ती वस्तू दुसऱ्या वस्तूतून काढायची सवय असते, आणि शेवटच्या रात्री जागायची तयारी असते.

पोशाख बनवताना काय सांभाळायचं?

इथे मी थोडी कडक आहे.

फोम जोडायला चपला दुरुस्त करणारे वापरतात तसलं उग्र वासाचं सोल्युशन लागतं. ते काम मोठ्यांनी गॅलरीत करायचं, बंद खोलीत कधीही नाही. गरम गोंदाची बंदूक लहानांच्या हातात नको. फोम घासताना तोंडाला मास्क.

दिव्यांसाठी बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या वापरू नका. लहान मुलाने अशी बॅटरी गिळली तर ती अन्ननलिकेत अडकून दोन तासांतच आतून गंभीर भाजतं. दिवे पॉवर बँकेवर चालवा, किंवा स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतल्या मोठ्या सेलवर. चुकून बॅटरी गिळली असं नुसतं वाटलं तरी वाट न बघता थेट रुग्णालयात जायचं.

डोळ्यांत रंगीत लेन्स घालायच्याच असतील तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून. एकीची लेन्स दुसरीने घालायची नाही, मग मैत्रीण कितीही जवळची असो.

तलवार, धनुष्य, बंदूक असलं काही असेल तर ते फोमचं किंवा पुठ्ठ्याचं असू द्या. धातूचं आत सोडत नाहीत. दारावर तपासणी होते, आणि काही ठिकाणी शस्त्र म्यानाला बांधून वर खूण लावून देतात, म्हणजे ते उपसता येत नाही. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ऐन दारात डोळ्यांना पाणी येतं.

जायचं कसं? पंख लावून रिक्षात बसता येतं का?

येत नाही. धाकटीचे पंख आम्ही तसे नेले आणि एक मोडला. पंख, शेपट्या, ढाली सुट्या होतील अशा बनवा आणि तिथे पोचून लावा. एवढ्या मोठ्या मेळ्याला मोकळी जागा लागते, त्यामुळे मैदानं बहुतेक शहराच्या कडेला असतात. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या मेट्रोच्या दोन मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात मिळतात, तेव्हा जमेल तिथपर्यंत मेट्रोने जा आणि पुढे रिक्षा करा. पार्किंगच्या रांगेत मुलांचा सगळा उत्साह संपतो. स्थानकावर सामान तपासतात, म्हणून खोटी शस्त्रं पिशवीत गुंडाळून ठेवा आणि विचारलं तर शांतपणे उघडून दाखवा.

दुचाकीवरून जाणाऱ्यांना हात जोडून सांगते : पोशाखातलं शिरस्त्राण म्हणजे हेल्मेट नव्हे. खरं हेल्मेट घाला आणि शिरस्त्राण पिशवीत घ्या.

गर्दीत मूल हरवलं तर?

धाकटी पाच वर्षांची असताना एका मोठ्या मेळ्यात आमच्या हातून सुटली. अकरा मिनिटं. मला वाटत होतं ती नवऱ्याबरोबर आहे, त्याला वाटत होतं माझ्याबरोबर. फोन लागेना, कारण हजारो माणसं एकाच वेळी फोन लावत होती. दारावरच्या माणसाने विचारलं, "कपडे कुठले घातलेत?" आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी स्वतः शिवलेला पोशाख मला सांगता येईना. ती बिल्ले बनवायच्या टेबलाशी होती, रांगेत, आपला नंबर यायची वाट बघत.

त्या दिवसानंतर निघताना दारातच प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढतो. मुलाच्या दंडावर आतल्या बाजूला पेनाने आमचे दोन्ही नंबर लिहितो. आत गेल्यावर भेटायची एक जागा ठरवतो, कधीही न हलणारी : मुख्य दरवाजा किंवा माहिती कक्ष, स्टॉल नाही. आणि मुलांना सांगतो, हरवलात तर आम्हाला शोधू नका, गळ्यात ओळखपत्र असलेल्या स्वयंसेवकाकडे जा. शेवटचं म्हणजे, मूल कुणाकडे आहे हे तोंडाने म्हणायचं. "आता तुझ्याकडे." "हो, माझ्याकडे." एवढं बोलल्याशिवाय हात सोडायचा नाही.

मोठा मुलगा आमच्याबरोबर फिरायलाच तयार नाही. काय करावं?

फिरू द्या एकटं, मित्रांबरोबर. हा त्याचा मेळा आहे. आमचा थोरला दर दोन तासांनी ठरलेल्या जागी येऊन तोंड दाखवतो, ठरलेले पैसे जवळ ठेवतो आणि ठिकाण सोडून बाहेर जात नाही. एवढ्या तीन अटी त्याने आजवर पाळल्यात.

खाणंपिणं?

बहुतेक ठिकाणी बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. लहान मुलांच्या खाण्याला सूट असते का ते आधी विचारा. आतलं महाग असतं आणि रांग लांब. आम्ही निघण्याआधी पोटभर पोहे किंवा उपमा खातो आणि साडेअकरालाच जेवून घेतो, म्हणजे दीडची रांग चुकते. जाड पोशाखात घाम फार जातो. हे मेळे बऱ्याचदा थंडीत असतात, पण पुण्याची जानेवारीतली सकाळ आणि दुपार यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. पाणी पीत राहा.

जुन्या चाहत्यांचा एक नियम आहे, पाच-दोन-एक : रोज किमान पाच तास झोप, दोन वेळचं जेवण, एक आंघोळ. मुलांसाठी झोप दुप्पट करा.

माझ्या मुलाला गोंगाट सहन होत नाही. नेऊ की नको?

न्या, पण सकाळी दार उघडताच न्या आणि पहिल्या दोन तासांत बाहेर पडा. मंचाजवळचे भोंगे टाळा. सतत ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर मोठ्यांच्या कानांनाही कालांतराने इजा होते. मुलांच्या कानांवर घालायची आवाजरोधक कानपट्टी मिळते, ती घ्या. शांत खोली कुठे आहे ते आल्याआल्या पाहून ठेवा. नसेल तर मोकळ्या आवारातलं एखादं झाड हेरून ठेवा. मूल रडायला लागल्यावर निघणं म्हणजे उशीर झाला. ते गप्प व्हायला लागलं की निघायचं. तिकिटाचे पैसे वसूल करायचा विचार मनातून काढून टाका.

कुणाचाही फोटो काढला तर चालतो?

आधी विचारा. पोशाख घातलाय म्हणजे परवानगी दिली असं होत नाही, आणि हात लावायची तर नाहीच. लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना विचारायचं. तुमच्या मुलीचा फोटो कुणी मागितला तर आधी तिला विचारा आणि तिने नाही म्हटलं तर तिच्या बाजूने उभे राहा. "काढू दे गं, काका एवढं म्हणताहेत," हे वाक्य मी एकदा बोलले आहे. पुन्हा बोलणार नाही.

खर्च किती येतो?

तिकीट, प्रवास, खाणं हे मोजता येतं. फुगतो तो स्टॉलवरचा खर्च. मुलांच्या हातात रोख रक्कम द्या आणि ती संपली की संपली. छापील बाहुल्या-टीशर्ट कुठेही मिळतात, तेव्हा पैसे असतील तर स्वतः चित्रं काढून विकणाऱ्या तरुण चित्रकारांकडे खर्च करा. त्यांच्याशी तुळशीबागेसारखी घासाघीस करू नका. स्टॉलचं भाडं त्यांनी खिशातून भरलेलं असतं आणि एकेका चित्रामागे कित्येक रात्री असतात. चित्रं दुमडू नयेत म्हणून एक कडक फाइल घरूनच न्या.

तिथे मराठीत काही असतं का?

मंचावर बहुतेक इंग्रजी आणि हिंदी. पण स्टॉलमागची निम्मी पोरं मराठीत बोलतात, फक्त सुरुवात तुम्ही करायला हवी. आप्पा प्रत्येक सत्रात मराठीतून प्रश्न विचारतात आणि त्यांना उत्तर मिळतं. ज्या भाषेने २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद एका विज्ञानकथाकाराला, नारळीकरांनाच, दिलं, त्या भाषेला या मेळ्यांत कोपऱ्यात उभं राहायचं कारण नाही. मला तिथे मराठी विज्ञानकथांचा एक स्टॉल हवा आहे. दर वर्षी मी अभिप्रायाच्या फॉर्मवर हे लिहून येते. तुम्हीही लिहा.

तिकिटं संपली. आता?

घरी करा. आम्ही सोसायटीच्या सभागृहात केला होता : गणेशोत्सवाची टेबलं, बारा मुलं, पुठ्ठ्याचे पोशाख, एक प्रश्नमंजूषा, आणि आप्पांनी मोठ्याने वाचलेली एक कथा. वाचन वीस मिनिटांचं ठरलं होतं, पाऊण तास चाललं, कारण मुलं मध्येच शंका विचारत होती.

शिवाय २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. सी. व्ही. रामन यांचा शोध १९२८ साली त्या दिवशीचा. त्या सुमारास आयुका लोकांसाठी खुली असते, आणि नारायणगावजवळ खोडदला महाकाय दुर्बीणही पाहता येते : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, शेतांच्या मधोमध. थोरला तिथे पोशाख करून गेला होता. कुणी हसलं नाही. उलट एका संशोधकाने त्याच्या शिरस्त्राणाला अँटेना चुकीच्या बाजूला लावलीय असं दाखवून दिलं, आणि त्याने ती घरी येऊन बदलली.

परीक्षा तोंडावर असेल तर?

मेळे शनिवार-रविवारचे असतात. एक दिवस जा.

पोशाखाचं नंतर काय करायचं?

फोमला ऊन आणि वजन दोन्ही सोसत नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका, वर गाद्या रचू नका. शिरस्त्राणात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा, घाम लागलेलं अस्तर धुऊन वाळवा, सेल काढून ठेवा. धाकटीचे पंख आमच्या कपाटामागे उभे आहेत, मोडलेला आप्पांनी सायकलच्या आऱ्याने सांधलाय. तिला ते आता लहान होतात. खालच्या मजल्यावरची चार वर्षांची मुलगी मात्र रोज येऊन ते मोजून बघते, म्हणून त्यांचे पट्टे बारीक करायला घेतलेत.